जुन्या घरातला खटका बदलताना

श्रावण संपत आला की कोकणातली बंद घरं उघडतात. कुलूप काढायचं, पडवी झाडायची, मेन चालू करायचा आणि खोलीखोलीत दिवा लागतो का ते पाहत फिरायचं. आमच्या घरी एका वर्षी ओटीवरचा दिवा लागला, देवघरातला लागला, माजघरातला लागेना. दिवा बदलून पाहिला, तरी नाही. खटका खाली केला की आतून चिरचिर ऐकू यायची आणि बोट जरा जास्त वेळ टेकलं की झिणझिण्या यायच्या. काका म्हणाले, "बाजारात जातोयस तर एक बटण घेऊन ये. पंधरा मिनिटांचं काम आहे."

काम पंधरा मिनिटांचंच आहे, हे खरं. पण जुन्या घरात माळ्यावरून, पट्टीखालून, भिंतीतून गेलेल्या तारा डोळ्यांना दिसतात त्या खटक्यापाशीच. तो उघडला की घराच्या वायरिंगची तब्येत कळते. त्यामुळे नवा खटका बसवण्याइतकंच, जुना उघडल्यावर काय बघायचं आणि कुठे हात थांबवायचा हे ठाऊक असणं गरजेचं आहे.

कायदा काय सांगतो

घरातली वायरिंगची कामं परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवीत, असा नियम आहे. त्यातून दिवा, पंखा, फ्यूज, खटका यांसारख्या वस्तू बदलण्याला सूट आहे. अट एकच, त्या बदलानं वायरिंगची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलता कामा नये. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही सूट होती आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांतही ती चालत आली. म्हणजे सहा अँपियरच्या खटक्याच्या जागी तसाच खटका बसवणं घरमालकाला चालतं. त्याच बोर्डातून गिझरसाठी नवी तार ओढणं चालत नाही. ही रेघ मला अगदी योग्य वाटते. जुन्या घरातले बरेच घोटाळे "आता उघडलंच आहे तर एक पॉइंटही काढून घेऊ" इथून सुरू होतात.

वीज खरंच गेली का?

जुन्या घरांत लोखंडी पेटीचा मेन असतो. वायरमन त्याला आयसीडीपी म्हणतात. त्याचा दांडा फिरला म्हणजे वीज गेली, असं धरून चालू नये. आतली पाती गंजून तिथेच अडकलेली असू शकते. म्हणून मेन बंद केल्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. सणाला घर माणसांनी भरलेलं असतं. वीज का गेली म्हणून कुणीतरी उठतं आणि चांगल्या मनानं मेन चालू करतं. फ्यूज खिशात असेल तर त्यानं काही बिघडत नाही. मीटरकडून मेनच्या पेटीत येणारी तार मात्र मेन बंद असतानाही जिवंत असते. तिला हात लावू नका. मीटरचं सील तर तोडायचंच नाही.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. भारनियमनाच्या वर्षांत गावोगाव इन्व्हर्टर आले आणि बहुतेक ठिकाणी ते जुन्याच वायरिंगला जोडले गेले. मेन बंद केला की इन्व्हर्टर लगेच घरातल्या त्याच तारांत बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडतो, कारण त्याचं कामच ते आहे. आधी मेन आणि मग इन्व्हर्टरचं बटण, दोन्ही बंद झाल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

त्यानंतर टेस्टर. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी लावून पेटतो का ते पाहायचं, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू जागी. हे पाहण्यापुरती वीज चालू ठेवावी लागते किंवा शेजाऱ्यांच्या घरी जावं लागतं, तरी ते चुकवू नये. टेस्टरमधला निऑनचा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी तक्तपोशीवर, पायात रबरी चप्पल असताना तो इतका मंद पेटतो की दिवसाउजेडी दिसतच नाही. टेस्टर पेटला तर वीज आहे, हे नक्की. तो पेटला नाही एवढ्यावरून वीज नाही, असं म्हणता येत नाही.

जुन्या मेनमध्ये आणखी एक खोड असते. त्या काळी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे फ्यूज घालायची पद्धत होती. १९५६ च्या नियमांनी न्यूट्रलमध्ये एकेरी फ्यूज किंवा स्विच घालायला मनाई केली, पण भिंतीवर बसवलेलं कुणी काढलं नाही. न्यूट्रलचा फ्यूज गेला की घरात अंधार होतो, पंखे थांबतात, आणि तरीही फेज प्रत्येक बोर्डापर्यंत जिवंत असते. प्लगच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटत असेल तर न्यूट्रल कुठेतरी तुटलेला आहे, असं समजा आणि वायरमनला बोलवा. त्या दिवशी खटक्याचं काम करू नये.

खटका उघडल्यावर

गोल काळा बॅकेलाइटचा खटका असेल तर त्याचं टोपण फिरवून निघतं. खाली गोल लाकडी ठोकळा, त्यावर खटक्याचा गाभा आणि दोन पितळी टोकं. बोर्डावरचा पियानो खटका असेल तर आधी बोर्डाची शीट काढावी लागते. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

खटक्याच्या एका टोकाला फेज येते. दुसऱ्या टोकातून निघून दिव्याकडे जाते ती हाफ वायर. एकाच बोर्डावर चार खटके असतील तर फेजच्या टोकाला दोन तारा सापडतील, एक येणारी आणि दुसरी पुढच्या खटक्याकडे जाणारा लूप. जुना खटका काढताना त्या दोन्ही एकत्रच राहायला हव्यात. त्यांतली एक सुटली तर पुढचे खटके मरतात आणि माणूस उगाच घाबरतो. एका खटक्यात तीन वेगवेगळी टोकं दिसली तर तो जिन्याचा टू-वे खटका आहे. त्याच्या जागी साधा खटका बसत नाही.

तारेचं वय

आता ज्यासाठी हे सगळं उघडलं ती तार नीट बघा. राज्य वीज मंडळ १९६० साली झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव वीज पोचली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांत साधारण तीन पिढ्यांची वायरिंग भेटते, आणि पुष्कळदा एकाच घरात तिन्ही.

सर्वांत जुनी म्हणजे रबराची तार, वर सुती विणीचं आवरण. ती लाकडी केसिंगमधून जायची. तिच्यातलं तांबं रुपेरी दिसतं, कारण रबरातल्या गंधकानं तांबं खराब होऊ नये म्हणून त्याला कथलाची कल्हई करत. तिच्याच जवळची, काळ्या जाड रबरी सालीची तार सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली असायची. माळ्याखालून सरळ रेषेत जाणारी ती पट्टी अनेकांनी पाहिली असेल. रबराचा दोष असा की ते वयानुसार आणि उष्णतेनं कडक होतं. जागेवर पडून असेपर्यंत ते टिकल्यासारखं दिसतं. खटका बदलायला तार जराशी वाकवली की शेवेच्या काडीसारखं मोडून पडतं आणि तार उघडी पडते.

दुसरी पिढी ॲल्युमिनियमची. तांबं बहुतांशी आयात करावं लागे, म्हणून १९६० नंतर घरांतही ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या, वर पीव्हीसीचं आवरण. आवरण अजून बरं असतं, खोट सांध्यात असते. ॲल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा पापुद्रा चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो, त्यामुळे घट्ट आवळलेला स्क्रू काही वर्षांनी सैल होतो. सैल सांधा म्हणजे उष्णता. आमच्या माजघरातली चिरचिर तीच होती. खटक्याच्या आत पितळ काळंनिळं पडलं होतं आणि शेजारचं बॅकेलाइट तडकलं होतं.

तिसरी, पीव्हीसीच्या आवरणातली तांब्याची तार, आजच्यासारखीच. जुने वायरमन तिचीही मापं जुन्या गेजमध्ये सांगतात: एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस. पहिला आकडा तारेत किती काड्या आहेत तो, दुसरा काडीच्या जाडीचा. एक-अठरा आणि तीन-बावीस या साधारण सव्वा चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे दिव्या-पंख्यापुरत्या. सात-वीस साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास. माझ्या काकांच्या पिढीला ही मापं तोंडपाठ होती आणि त्यांच्याकडून ती विचारून ठेवण्यासारखी आहेत, कारण पट्टीखाली काय आहे हे आज दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं.

पीव्हीसीची तांब्याची तार लवचिक असेल आणि टोकाशी जळलेली नसेल तर काम पुढे न्यायला हरकत नाही. रबर तुटतंय असं दिसलं तर तार आणखी वाकवू नका. टोपण परत लावा, फ्यूज खिशातच ठेवा आणि वायरमनला बोलवा. उघड्या पडलेल्या भागावर तो स्लीव्ह चढवून सणापुरतं काम भागवून देईल, पण पुढचं रबरही त्याच वयाचं आहे हे विसरू नये. ॲल्युमिनियम असेल तर काळवंडलेलं टोक कापून नवं टोक काढावं लागतं. ते टोक नख लागल्यासारख्या खाचेवरसुद्धा तुटतं, म्हणून ते सरावाच्या हातानंच करावं. ॲल्युमिनियमला तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून वर टेप गुंडाळण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो घातक आहे. दोन धातूंच्या सांध्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजतं आणि टेपच्या आत कुणाला न दिसता सांधा तापत राहतो.

पट्टीला वाळवी लागलेली असेल, उंदरानं साल कुरतडलेली असेल, ठोकळा ओला लागत असेल किंवा सगळ्याच तारा एका रंगाच्या असतील, तरीही थांबावं. आजची रीत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग. जुन्या घरात रंगावर भरवसा ठेवू नये. हातात जे वेटोळं होतं तेच लोकांनी ओढलेलं असतं.

खटका फेजवर की न्यूट्रलवर?

खटका फेजवर असला पाहिजे, म्हणजे तो बंद केला की दिव्याच्या होल्डरपर्यंत वीज पोचतच नाही. न्यूट्रलवर बसवला तरी दिवा तसाच लागतो आणि विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. पण अशा वेळी खटका बंद असूनही होल्डरमध्ये फेज असते. दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला तिथेच शॉक बसतो, पंख्याची पाती पुसणाऱ्या बाईला तिथेच बसतो.

याची एक खूण अलीकडे सहज दिसते. एलईडी दिवा खटका बंद केल्यावरही मंद मिणमिणत असेल तर खटका न्यूट्रलवर असल्याचा संशय घ्यावा. इंडिकेटर असलेल्या खटक्यामुळेही तसं होतं, लांबवर शेजारीशेजारी गेलेल्या तारांमुळेही होतं, म्हणून ही खूण पक्का पुरावा नाही. टेस्टरही इथे फसवतो. न्यूट्रलवरच्या खटक्यात दिवा होल्डरमध्ये असताना एक टोक दिव्यातून आलेल्या विजेनं टेस्टर पेटवतं आणि सगळं बरोबर असल्यासारखं वाटतं. दिवा काढला की खटक्याची दोन्ही टोकं मेल्यासारखी दिसतात, आणि वर होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट. खात्रीची तपासणी होल्डरवर करावी लागते आणि तिथे दोन पिना इतक्या जवळ असतात की टेस्टरचं टोक दोन्हींना लागू शकतं. हे वायरमनकडूनच करून घ्या.

घरातले सगळेच खटके न्यूट्रलवर निघाले तर दोष खटक्यांत नसतो. मीटरपासून मेनपर्यंत किंवा खांबावरून घरात येताना दोन तारांची अदलाबदल झालेली असते. मेनपाशी दुरुस्ती झाली की सगळं घर एकदम सरळ होतं. ही अदलाबदल मीटरच्या आधी, खांबाकडच्या बाजूला असेल तर ते काम वीज कंपनीचं.

नवा खटका बसवताना

तार चांगली आहे, वीज गेलेली आहे, खटका फेजवर आहे. आता काम सोपं. खटका आयएसआय शिक्क्याचा घ्या. खटक्यांचं मानक आयएस ३८५४ आहे आणि तो आकडा शिक्क्यासोबत छापलेला असतो. दिव्याला किंवा पंख्याला सहा अँपियरचा पुरतो. मातीच्या भिंतीत मॉड्युलर पेटी बसवायला खोदकाम करण्यापेक्षा जुन्या जागी बोर्डावर पियानो खटका बसवणं मला जास्त पसंत आहे. मातीची भिंत खोदली की ढासळते आणि खाचेत ओल धरते.

टोकाची साल आठ-दहा मिलिमीटर काढा. काड्या असतील तर त्या एकत्र पिळून घ्या. तार स्क्रूखाली पूर्ण जाऊ द्या, पण साल स्क्रूखाली चिरडू नका. आवळून झाल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा. तांबं बाहेर दिसता कामा नये. तार आखूड पडत असेल तर ती भिंतीतून ओढू नका. ओढताना वर कुठेतरी, जिथे कुणाची नजर पोचणार नाही, तिथे तिची साल निघते. आपल्याकडे खटका खाली म्हणजे चालू, त्याप्रमाणे बसवा. सगळं झाकल्यावरच फ्यूज परत लावा.

फ्यूज लावताना त्यातली तारही बघून घ्या. फ्यूज सारखा जातो म्हणून कुणीतरी त्यात जाड तांब्याची काडी गुंडाळलेली असते. अशा घरात तार तापून जळेल, पण फ्यूज जाणार नाही.

नळ बदलला आणि अर्थिंग गेलं

जुन्या घरांचं अर्थिंग पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेलं असायचं. नळ जमिनीत गेलेला, म्हणून ते चालूनही जायचं. पुढे नळाला गंज चढला आणि लोक प्लास्टिकच्या पाइपवर गेले. पाइप बदलणाऱ्यानं हिरवी तार सोडून दिली आणि त्या दिवसापासून घराला अर्थिंग उरलं नाही. मिक्सर, फ्रीज, पंप सगळे तीन पिनांचेच राहिले, पण तिसऱ्या पिनेमागे काहीच नाही. तुमच्या घराचे नळ बदलले असतील तर ही गोष्ट आजच विचारून घ्या.

९ वॅटच्या एलईडी दिव्यातून साधारण ४० मिलिअँपियर प्रवाह जातो. एवढा प्रवाह छातीतून गेला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. ५ अँपियरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपियर. त्या फ्यूजच्या दृष्टीनं माणूस म्हणजे एक छोटा दिवा. फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतात. माणसाला वाचवतं ते आरसीसीबी, तेही ३० मिलिअँपियरचं. फेजवरून गेलेला प्रवाह न्यूट्रलवरून तेवढाच परत आला नाही, की ते क्षणात वीज तोडतं. अर्थिंग नसलेल्या घरातही ते काम करतं. अर्थिंगची गरज त्यामुळे संपत नाही, पण जुन्या घरावर थोडेच पैसे घालायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी आरसीसीबी, मग बाकी सगळं.

जुन्या वायरिंगवर ते बसवलं की सारखं पडतं, अशी तक्रार येते. ते खरंही आहे. ओल्या पट्टीतून वीज झिरपत असते किंवा दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र गुंतवलेला असतो, म्हणून ते पडतं. मग लोक ते काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. ते पडतंय याचा अर्थ घरात दोष आहे आणि तो शोधायला हवा.

पावसात मोजा, उन्हाळ्यात काम करा

वायरिंगची खरी परीक्षा मेगर करतो. मेन बंद करून तारांवर ५०० व्होल्टचा दाब देतात आणि आवरण किती रोध दाखवतं ते मोजतात. तो एक मेगोहमपेक्षा कमी नसावा, असा दंडक आहे. कोकणातल्या घरात मे महिन्यात हा आकडा उत्तम येतो, कारण लाकूड, माती, सुती वीण सगळं वाळलेलं असतं. त्याच तारा भाद्रपदात मोजल्या की आकडा खाली येतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण घर उघडतो, मखराला दिव्यांच्या माळा लावतो, एका दोन पिनांच्या सॉकेटवर एक्स्टेंशन, त्यावर दुसरं एक्स्टेंशन, मोदकपात्रासाठी इंडक्शन आणि विहिरीवर पंप लावतो.

म्हणून मोजमाप पावसात करून घ्यावं आणि नवी वायरिंग उन्हाळ्यात. पीव्हीसीच्या केसिंग-कॅपिंगमधून भिंत न फोडता सगळ्या घरात नवी तार नेता येते. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगांना अडीच, गिझरला चार, आणि प्रत्येक ठिकाणी हिरवी तार.

आमच्या माजघराचा खटका त्या वर्षी बदलला नाही. काकांनी स्वतःच फ्यूज खिशात टाकला, म्हणाले, "राहू दे, समई आहे." पुढच्या मे महिन्यात वायरमननं पट्टी उतरवली तेव्हा खटक्यापासून दोन हात वर तार उघडी होती आणि लाकूड काळं पडलं होतं. यंदा गावच्या घराचं दार उघडाल तेव्हा माळा लावण्याआधी एक खटका उघडून तार बघा, आणि रबर दिसलं तर त्या खोलीत यंदा समईच लावा.